रोजच्या खिशासाठी मल्टिटूल: आधी कात्री बघा, पातं मागून

मल्टिटूल, म्हणजे एकाच मुठीत मिटणारी अनेक हत्यारं, घ्यायला दुकानात गेलेला माणूस सगळ्यात आधी पातं उघडतो आणि अंगठा लावून धार बघतो. धार अंगठ्यावर बघायची नसते, कागदाच्या कडेवर बघायची असते, पण ते असो. मुद्दा असा, की घोडबंदर रोडला किंवा कोपरखैरण्याला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि लोकलने कामाला जाणाऱ्या माणसाला दिवसभरात पातं लागतं किती वेळा? कुरिअरची टेप, पुडक्याची सुतळी, डब्यातलं सफरचंद, संपलं. बाकी सगळी कामं कात्रीची: औषधाच्या पट्टीतून दोन गोळ्या कापून घेणं, शॅम्पूची पुडी, बाहीचा लोंबणारा दोरा, नव्या कपड्याचा टॅग, दुधाची पिशवी, मोडून कपड्यात अडकणारं नख. कात्रीनंतर नंबर लागतो स्टार स्क्रूचा, मग पक्कडीचा. पातं चौथं.

मराठीत 'हत्यार' या शब्दाला दोन अर्थ आहेत. सुताराच्या पेटीतलं ते हत्यार आणि पंचनाम्यात लिहितात तेही हत्यार. रोज खिशात जी वस्तू राहणार ती पहिल्या अर्थाची आहे हे बघणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे. निवडीचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. कसा ते पुढे कायद्याच्या भागात येईल. आधी वजनाचं बघू.

नाण्यांनी वजन करा

वजनाचे आकडे वाचून अंदाज येत नाही. सोपा उपाय आहे. दहा रुपयांचं नाणं साधारण 7.7 ग्रॅमचं असतं. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा 58 मि.मी.चा (ही मिटल्यावरची लांबी) क्लासिक एसडी सुमारे 21 ग्रॅमचा आहे, म्हणजे तीन नाणी. त्यांचाच 91 मि.मी.चा टिंकर 62 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आठ नाणी. लेदरमनचा स्केलेटूल 142 ग्रॅम, अठरा-एकोणीस नाणी. आणि लेदरमनचा वेव्ह प्लस 241 ग्रॅम, म्हणजे एकतीस नाणी. जे मॉडेल मनात आहे त्याच्या वजनाइतकी नाणी रबर बँडने बांधा आणि ती गुंडी चार दिवस ऑफिसच्या पँटच्या खिशात ठेवून फिरा. जिने चढा, रिक्षात बसा, गर्दीच्या वेळी ठाण्याहून सुटणारी स्लो पकडा. तिसऱ्या दिवशी गुंडी खिशातून बॅगेत गेली असेल तर मल्टिटूलही तिकडेच जाणार.

बॅगेत जाण्यात वाईट काही नाही. मात्र मग निवड बदलते. खिशासाठी किंवा किल्ल्यांसाठी 20 ते 60 ग्रॅमच्या आत राहा, बॅगेसाठी 150पर्यंत चालतं. 200च्या वरचं पूर्ण आकाराचं मल्टिटूल गाडीच्या डॅशबोर्डात किंवा घरच्या ड्रॉवरमध्ये शोभतं. वेव्ह प्लस उत्तम आहे यात वाद नाही, पण सुती पँटच्या खिशाला तो दोन-तीन महिन्यांत भोक पाडतो. खिशाच्या तळाची शिवण आधी सुटते, कापड मागाहून फाटतं. त्यामुळे भोक दिसेपर्यंत वस्तू रिक्षाच्या सीटमागे गेलेली असते.

कात्री कशी तपासायची

घरून दोन गोष्टी खिशात घालून निघा: धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीचा तुकडा आणि शिवणाचा दोरा. दुकानात कात्री उघडून पिशवीचा तुकडा फक्त टोकाने कापून बघा. चांगली कात्री टोकापर्यंत कापते. वाईट कात्रीत प्लॅस्टिक दोन पात्यांमध्ये दुमडून आडवं शिरतं आणि पाती अडकतात. कारण साधं आहे. कात्रीची दोन्ही पाती किंचित बाकदार असतात, त्यामुळे मिटताना ती एका वेळी एकाच बिंदूवर घासतात आणि तो बिंदू रिव्हेटपासून (पाती जोडणाऱ्या खिळीपासून) टोकाकडे सरकत जातो. रिव्हेट ढिला असला किंवा पाती नुसत्या सरळ पट्ट्या कापून बसवलेली असली, तर तो बिंदू सरकतच नाही. मिटलेली कात्री उजेडासमोर धरा: रिव्हेट आणि टोक यांच्या मध्ये केसाएवढी फट दिसली तर चांगलं, टोकाशी फट दिसली तर परत ठेवा.

दोरा यासाठी, की सुटा लोंबणारा दोरा ताण न देता कापता येणं ही कात्रीची खरी परीक्षा. ताणलेला दोरा कुठलीही कात्री कापते.

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला रस्त्यावर जी 'अकरा कामं एकात' छापाची मल्टिटूलं मिळतात, त्यांतल्या बहुतेकांत कात्री नसतेच. पक्कड, पातं, कानस, ओपनर, करवत असं सगळं असतं. कारण कात्री हा या सगळ्यातला करायला सर्वांत कटकटीचा भाग आहे: दोन पाती, रिव्हेट, स्प्रिंग आणि पाती बसवताना लागणारा हात. कात्री नीट जमलेली असेल तर बाकीचं सहसा जमलेलं असतं, म्हणून तपासणी तिथून सुरू करायची. क्रेडिट कार्डाच्या आकाराच्या, मधोमध षटकोनी भोकं पाडलेल्या पत्र्याच्या 'टूल'बद्दल बोलायलाच नको; त्याने नट फिरवायला गेलं की पत्रा हातालाच लागतो.

स्टार स्क्रू, आणि तो फिरवायला लागणारी जागा

आपल्या घरातले स्क्रू बघा. स्विचबोर्डची प्लेट, दाराच्या बिजागऱ्या, किचन ट्रॉलीचे चॅनल इथे बहुतेक ठिकाणी पीएच 2 मापाचे स्टार स्क्रू (पीएच हे स्टार टोकाचं माप, आकडा लहान तसं टोक बारीक). रिमोट, खेळण्यातली बॅटरीची झाकणं, वजनकाटा यांना पीएच 1 किंवा पीएच 0. थ्री-पिन टॉपच्या आत वायर दाबणारे स्क्रू छोटे आणि चपट्या खाचेचे. चष्म्याचा स्क्रू त्याहून बारीक. लहान टोक मोठ्या खाचेत घालून जोर लावला की ते घसरून वर येतं आणि खाच गोल करून टाकतं. मग तो स्क्रू कुठल्याच ड्रायव्हरला दाद देत नाही. म्हणून मल्टिटूलवर किती टोकं आहेत यापेक्षा आपल्या घरातल्या मापाचं टोक आहे का ते बघा.

व्हिक्टोरिनॉक्सच्या टिंकर आणि सुपर टिंकरमध्ये स्टार ड्रायव्हर पाठीवर असतो. उघडला की मूठ आडवी आणि दांडा मधोमध, इंग्रजी टी अक्षरासारखा. याने जोर भरपूर लागतो, गंजलेला स्क्रूही सुटतो. पण मूठ फिरायला दोन्ही बाजूंना साडेचार सेंटिमीटर मोकळी जागा लागते. सेफ्टी डोअरच्या कडीचा स्क्रू चौकटीला चिकटून असतो; तिथे मूठ पाव वळसा फिरून भिंतीला अडते. खोल भोकातला स्क्रू असेल तर दांडा पोचतच नाही. अशा जागी सरळ दांड्याचा ड्रायव्हर लागतो, जसा लेदरमनमध्ये असतो. दोन्हीतलं काही नसेल तर व्हिक्टोरिनॉक्सच्या डबा उघडायच्या हत्याराचं लहान चपटं टोक स्टार खाचेत तिरकं बसतं आणि हलका स्क्रू फिरवतं. डबे आता क्वचितच कापावे लागतात, पण या टोकामुळे त्या हत्याराला जागा व्यापायचा हक्क आहे.

58 मि.मी.च्या वर्गात रॅम्बलर नावाचं मॉडेल आहे. त्यात क्लासिकची कात्री, पातं आणि कानस आहेच, शिवाय टोकाला चुंबकी स्टार ड्रायव्हर आणि बाटलीचं ओपनर. किल्ल्यांना लावायला आणि फ्लॅटमधली ऐंशी टक्के किरकोळ कामं करायला यापेक्षा आटोपशीर काही माझ्या मते नाही. जरा मोठं चालत असेल तर सुपर टिंकर: दोन पाती, मोठी कात्री, दोन्ही ओपनर, टोचा आणि पाठीवरचा स्टार ड्रायव्हर. कॉर्कस्क्रू (बाटलीचं बूच काढायचा पिळाचा आकडा) असलेली स्पार्टन आणि क्लाइंबर ही भावंडंही आहेत, पण आपल्याकडे स्टार ड्रायव्हर रोज लागतो आणि कॉर्कस्क्रू वर्षातून एकदा. कॉर्कस्क्रूचा एकच इमानी उपयोग आहे: कपडे वाळत घालायच्या नायलॉन दोरीची पावसात घट्ट झालेली गाठ. गाठीत टोक फिरवत घालायचं आणि ओढायचं.

एक ताकीद इथेच. कुठल्याही मल्टिटूलची मूठ विजेच्या कामासाठी नाही. लाल प्लॅस्टिकच्या मुठीमुळे सुरक्षित वाटतं, पण पाठीची स्प्रिंग आणि मधले पत्रे उघडेच असतात आणि बोटं नेमकी त्यांनाच लागतात. विजेच्या कामाच्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि 1000 व्होल्ट लिहिलेलं असतं. ते नसेल तर आधी एमसीबी पाडा, टेस्टर लावून खात्री करा, मगच प्लेट उघडा. म्हणजे घरात टेस्टर हवाच, मल्टिटूल त्याची जागा घेत नाही.

पक्कड हवी का?

घरात टपारियाची एक साधी पक्कड असेल तर खिशात पक्कड कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर: चेनसाठी. बॅगेची चेन पुढे सरकते पण मागे दात उघडेच राहतात, हे लोकलमध्ये लॅपटॉप पाठीवर असताना झालं तर दिवस वाया. दोष दातांत नसतो, सरकणाऱ्या लोलकात, म्हणजे रनरमध्ये असतो. वापरून वापरून लोलकाचा वरचा आणि खालचा पत्रा एकमेकांपासून लांब जातो, त्यामुळे दात एकमेकांत दाबले जात नाहीत. चेन पूर्ण उघडून लोलक सुरुवातीच्या टोकाला आणा. त्याची मागची बाजू, म्हणजे जिथून चेन मिटून बाहेर पडते ती, आधी डावीकडून आणि मग उजवीकडून पक्कडीने अगदी हलकी दाबा. अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही, नुसता दाब. चेन लावून बघा, नाही जमलं तर पुन्हा किंचित. एकदम जोरात दाबलं तर लोलक सरकायचाच बंद होतो, आणि तो जस्ताच्या ओतीव धातूचा असेल तर तडकतो.

याशिवाय छत्रीची निसटलेली तार, चपलेचा बाहेर आलेला खिळा, किल्ल्यांची कडी, बेसिनच्या नळाची हाताने न सुटणारी जाळी. एवढ्यासाठी छोटी, सुईसारख्या टोकाची, स्प्रिंगने उघडणारी पक्कड पुरते. लेदरमनचा स्टाइल पीएस या जातीचा आहे: पक्कड, कात्री, कानस, चिमटा, आणि पातं नाहीच. गर्बरचा डाइम साधारण 62 ग्रॅमचा, त्यात पक्कडीबरोबर पातंही आहे. दोन्ही पक्कडी नाजूक. टोकात काही धरून पिळलं की जबडे एकमेकांवरून सरकतात आणि पुन्हा कधी सरळ मिटत नाहीत. धरायचं, ओढायचं, दाबायचं, पिळायचं नाही. गिझरच्या नळीचा अर्धा इंची नट यांनी सोडवायला जाऊ नका, तिथे पाना लागतो.

मोठं मल्टिटूल गाडीसाठी घेत असाल तर तार कापायची धार बदलता येते का ते विचारा. लेदरमनच्या रीबार आणि वेव्ह प्लसमध्ये ती दोन स्क्रूंनी बसवलेली असते. कठीण पोलादी तार कापून खाच पडली तर तेवढाच तुकडा बदलता येतो. ज्यात ती जबड्यातच घडवलेली आहे, तिथे खाच कायमची.

आता पातं, आणि कायदा

पात्याचे दोन प्रकार आहेत: नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहणारं, आणि उघडल्यावर अडणारं म्हणजे लॉकचं. स्प्रिंगवाल्या चाकूत पात्याच्या बुडाशी चौकोनी टाच असते आणि पाठीची स्प्रिंग तिच्यावर दाबून बसते. धार खाली धरून कापताना जोर पात्याला आणखी उघडायच्या दिशेने जातो, तेव्हा काही होत नाही. पण टोक खुपसलं, किंवा पात्याच्या पाठीवर जोर आला, की स्प्रिंग हरते आणि पातं बोटांवर मिटतं. या चाकूंनी होणाऱ्या जखमा बऱ्याचदा याच असतात: पुठ्ठ्याच्या खोक्यात टोक खुपसणं, पट्ट्याला भोक पाडणं. भोक पाडायला टोचा असतो, तो वापरा. तोही मिटू शकतो, म्हणून मुठीला काटकोनात उघडून बोटांच्या मधून बाहेर काढायचा आणि मुठीत दाबून धरायचा.

मग लॉकचं पातं जास्त सुरक्षित नाही का? यंत्र म्हणून आहे. पण एका हाताने, अंगठ्याने झटकन उघडणारं लॉकचं पातं दिसायला वेगळं दिसतं, आणि आपल्या शहरात हे 'दिसणं' महत्त्वाचं आहे.

2016च्या शस्त्र नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी घडवलेले वगळले आहेत. इथपर्यंत वाचून लोक निर्धास्त होतात, कारण मल्टिटूलचं पातं 3 इंचांच्या आत असतं. पण गोष्ट तिथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951च्या कलम 37(1)खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात. त्यात शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, सुरे, लाठ्या आणि शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर बाळगायला बंदी असते. इंच-बिंच काही नसतं. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही आयुक्तालयांच्या हद्दीत असे आदेश सण, मोर्चे, निवडणुका यांच्या निमित्ताने वरचेवर निघतात, बातमी पेपरच्या आतल्या पानात येते. मोडला तर कलम 135खाली गुन्हा.

कात्री, चिमटा, कानस यांच्या मधे बसलेलं चार सेंटिमीटरचं पातं कुणाच्या डोळ्यात भरत नाही; बटण दाबून उघडणारा खटक्याचा चाकू भरतो, आणि भरायलाच हवा. म्हणून रोज बरोबर ठेवायला माझं मत ठाम आहे: नखाने उघडायचं, दोन हात लागणारं, बिनलॉकचं, छोटं पातं. मनाई आदेश चालू असेल किंवा मोर्चाच्या, मिरवणुकीच्या गर्दीत जायचं असेल तर तेही घरी, किंवा सरळ बिनपात्याचा स्टाइल पीएस. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मॅचला, कोर्टात, मंत्रालयात जाताना किल्ल्यांपासून आधीच सोडवून ठेवा. त्यासाठी किल्ल्यांच्या कडीला झटक्यात सुटणारी छोटी क्लिप लावलेली बरी. विमानाला निघाला असाल तर पात्याचं काहीही केबिन बॅगेत नको, चेक-इनच्या बॅगेत टाका.

आणखी एक गोष्ट, जी रविवारी सकाळी येऊरला जाणाऱ्यांना सहसा माहीत नसते. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं दार. 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत चाकूचं नाव स्पष्ट आहे, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात जायला मनाई आहे. पनवेलजवळचं कर्नाळा आणि ऐरोलीचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य यांनाही हेच लागू. ट्रेकला चाकू हवाच हा समज त्या दाराबाहेर ठेवायचा. संत्रं हाताने सोलता येतं.

खाडीची हवा

'स्टेनलेस' म्हणजे गंजतच नाही असं नाही. पोलादातल्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो गंज अडवतो. घामातलं आणि खाडीच्या वाऱ्यातलं मीठ हा थर फोडतं. उघड्या पात्यावर हवा लागून थर पुन्हा धरतो. पण बिजागरीत, खिशात साचलेल्या तंतूंच्या केराखाली हवा पोचत नाही, तिथे थर धरत नाही आणि टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे पडतात. म्हणूनच जून ते सप्टेंबर पातं चकचकीत दिसतं आणि गंज आत बुडाशी असतो.

स्वच्छ करायला वेळ लागत नाही. चिमटा आणि टूथपिक काढून ठेवा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाका, मल्टिटूल बुडवून प्रत्येक हत्यार पाण्याखालीच आठ-दहा वेळा उघडा-मिटा. काळं पाणी येतं ते खिशातला तंतूंचा केर आणि जुनं तेल. साध्या पाण्यातून काढा, सगळी हत्यारं अर्धी उघडून पंख्याखाली दोन तास ठेवा. मग प्रत्येक बिजागरीला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब, पाच-सहा वेळा उघडझाप, आणि जादा तेल कापडाने पुसा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी तीन महिन्यांतून. ज्या पात्याने फळं कापता त्याला मात्र खाण्यात चालणारं मिनरल ऑइल वापरा. खोबरेल तेल नको: ते 24 अंशांच्या आसपास गोठतं आणि पुढे खवट होऊन चिकट्यासारखं बसतं. डब्ल्यूडी-40 भिजलेल्या वस्तूतलं पाणी हुसकायला चांगलं, पण ते वंगण म्हणून टिकत नाही, त्यावर तेल द्यावंच लागतं.

आंबा, लिंबू, कोकम कापल्यावर पातं लगेच धुवा. चीक आणि आंबटपणा दोन्ही डाग पाडतात.

पोलादाच्या नावांच्या मागे लागू नका, हेही याच संदर्भात सांगतो. डी2 पोलादाचे स्वस्त चाकू ऑनलाइन धडाक्यात विकले जातात, धार खरंच जास्त टिकते. पण त्यात क्रोमियम साधारण 11-12 टक्के आणि त्यातलंही बरंचसं कार्बनशी बांधलेलं, त्यामुळे आपल्या दमटपणात तो डागाळतो. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं कठीणपणाच्या रॉकवेल सी मापावर 56च्या जवळ असतं, म्हणजे मऊसर. लवकर बोथट होतं आणि पाच मिनिटांत पुन्हा लागतंही. लाकडी मुठीचा ओपिनेल बघून कुणालाही मोह होईल. पावसाळ्यात त्याचं लाकूड फुगतं, पातं खाचेत घट्ट बसतं आणि नखाने उघडत नाही. ऑक्टोबरपर्यंत वाट बघायची तयारी असेल तर घ्या, आणि निदान कार्बन पोलादाचा नव्हे, इनॉक्सचा म्हणजे स्टेनलेसचा घ्या.

मुठीचं म्हणाल, तर घामट हाताला खवल्यांच्या ॲल्युमिनियमची, ज्याला ॲलॉक्स म्हणतात ती, बरी पकड देते आणि लादीवर पडून फुटत नाही. पण तिच्यात चिमटा नसतो. चिमटा म्हणजे कूस, काटा, सिमकार्डचा ट्रे. मला चिमटा सोडवत नाही.

खरं-खोटं, आणि धार

नकली स्विस चाकू बाजारात आहेत, दिसायला हुबेहूब. मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव आणि 'स्विस मेड' कोरलेलं असतं. अक्षरं उथळ, वेडीवाकडी किंवा नुसती छापलेली असतील तर सोडा. मिटलेली हत्यारं वरून बघा: खऱ्यात शेजारच्या हत्यारांमधली फट सगळीकडे सारखी. पातं मिटताना शेवटच्या टप्प्यात ते स्वतःहून आत ओढलं जाऊन 'टक' असा आवाज यायला हवा. बाजूला हलवलं तर खुळखुळता कामा नये. चिमटा काढून घाला. नकलीत तो पहिल्याच दिवशी सैल असतो. बिल घ्या, कारण वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात.

सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे विळी द्या, सुरी द्या, हा छोटा चाकू देऊ नका. फिरत्या दगडाची ठिणगी पडली म्हणजे धारेचा कडक केलेला भाग तापून मऊ पडला, शिवाय एका फेरीत वर्षभराचं पोलाद जातं. घरी चिनी मातीचा कप उलटा ठेवा. बुडाची खरखरीत, चकाकी नसलेली कडा हीच बारीक दगडाचं काम करते. पातं कपाच्या कडेवर आडवं टेकवा आणि पाठ थोडी उचला: पात्याची रुंदी 14 मि.मी. असेल तर पाठ 4 ते 5 मि.मी. वर, म्हणजे कोन वीस अंशांच्या आसपास राहतो. बुडापासून टोकापर्यंत, धार पुढे ठेवून, कपाची चकती तासून काढतोय अशा हलक्या हाताने आठ वेळा एका बाजूने, आठ वेळा दुसऱ्या. मग चार-चार, मग एक-एक. टोमॅटोच्या सालीत दाब न देता शिरलं की पुरे. पार बोथट झालं असेल तर आधी 1000 ग्रिटचा दगड.

कात्रीला धार लावायची वेळ क्वचित येते. आलीच तर फक्त बाहेरच्या तिरक्या कडेवर, आहे त्याच कोनात, दोन-तीन हात. आतल्या सपाट बाजूंना दगड लावला की पाती एकमेकांना टेकायची बंद होतात आणि दुधाची पिशवी पुन्हा आडवी शिरायला लागते. बऱ्याचदा कात्री बोथट झालेली नसतेच, तिची इवलीशी स्प्रिंग मोडलेली किंवा खाचेतून सरकलेली असते. ती सुटी मिळते, पण 58 आणि 91 मि.मी.ची वेगळी, म्हणून मोडलेली स्प्रिंग फेकू नका. मागवताना मापाला लागते.